देवाकडं पाठ

अर्धांगवायूनंतर आईला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. वारंगा फाट्याजवळच्या वृद्धाश्रमात तिला ठेवलं, तेव्हा मी एकच गोष्ट तीनदा सांगितली: दर दोन तासांनी कूस बदला. सांभाळणाऱ्या केशरबाईंनी मान डोलावली. व्यवस्थापक विश्वंभररावांनी तर तक्ता छापून खाटेवर लावला. तक्ते छापण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नसावं.

पंधरा दिवसांनी गेले. आई उजव्या कुशीवर. तीन तास बसले. आई उजव्याच कुशीवर. चादर सारली. उजव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल डाग होता. बोटानं दाबला तरी फिका होईना.

"केशरबाई, डावीकडे का वळवत नाही?"

"कसं वळवावं ताई? तिकडं वळवलं की देवाकडं पाठ होते." उजवीकडच्या भिंतीवर दत्ताची तसबीर होती. "पिकलं पान. कवा काय व्हईल न्हाई सांगता येत. पाप कोनाच्या माथी?"

"मग तसबीर हलवा."

विश्वंभरराव म्हणाले, "मठातल्या बुवांच्या हातानं बसवलेली हाय ती. तुमी शिकलेली माणसं आता देवालाबी कूस बदलायला लावता का?"

सगळे हसले. संकोचानं मीही हसले.

तक्त्यावर मात्र आई दिवसाला बारा वेळा वळत होती.

दुसरी जागा शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. तोवर डागाची जखम झाली, जखमेत हाड दिसू लागलं, विष रक्तात भिनलं.

तेराव्यानंतर तिचं सामान आणायला गेले.

"भाग्याच्या होत्या," विश्वंभरराव हळहळले. "शेवटपर्यंत तोंड देवाकडंच होतं."

"हो. देवाला सगळं नीट दिसलं असेल."

आईच्या खाटेवर रूपाबाई नावाच्या नव्या आजी होत्या. उजव्या कुशीवर. मी पिशवीतून दत्ताची दुसरी तसबीर काढली. येताना हिंगोलीच्या बाजारात घेतली होती. डावीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

विश्वंभरराव खूश झाले. "खाली आईचं नाव टाकू का? स्मरणार्थ?"

"नको. खिळा ठोका."

तसबीर लागली. केशरबाईंनी हात जोडले आणि रूपाबाईंना अलगद डाव्या कुशीवर वळवलं. दोन मिनिटांचं काम.

जुन्या तसबिरीकडे आता रूपाबाईंची पाठ होती. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. मीही बोलले नाही. मी त्यांचा उजवा खुबा पाहत होते. कातडी धड होती.