घरची परवानगी नाही

उमापूरच्या शाळेत मुलींच्या खो-खो संघाला एक मुलगी कमी पडत होती. संघातल्या मंगल आणि बबिता आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेल्या होत्या. एकीच्या जागी कशीबशी एक नवी पोरगी मिळाली, पण नववी काही मिळेना. गेवराईचे तालुका सामने परवावर आले होते, आणि आठ जणींना कोणी मैदानात उतरू देत नाही.

त्या दिवशी खेळाच्या तासाला मैदानात एक शेळी घुसली. कडेला बसलेली आठवीतली अस्मा उठून तिच्यामागे धावली. शेळीने दोन हुलकावण्या दिल्या. तिसरीला अस्माने तिचा कान धरला. खेळाचे त्रिंबक सर तोंडातली शिट्टी तशीच धरून बघत राहिले. ही पोरगी तीन वर्षं नुसती कडेला बसून होती!

शाळा सुटल्यावर सर तिच्या घरी गेले. तिचे वडील इसाकभाई दारात गाड्यावरचे पेरू पुसत होते. सरांनी वाटेतच बोलणं जुळवून ठेवलं होतं.

"इसाकभाई, तुमच्याकडच्या रीतीभाती मला कळतात. पण पोरी पोरींतच खेळतात, सोबत बाई असतात. यंदा तेवढी परवानगी दिली तर..."

"कशाची परवानगी, सर?"

"अस्माला खो-खोत घ्यायची."

इसाकच्या हातातला फडका थांबला. "घ्या की. मी कवा नको म्हणलो?"

दारातून अस्मा म्हणाली, "अब्बा, तीन वर्षं नको म्हणताय तुमी. न खेळणाऱ्या पोरींची यादी दरसाल शाळेच्या भिंतीवर लागती. माझ्या नावापुढं कारण लिवलेलं असतंय, घरची परवानगी न्हाई."

"कुणी लिवलं?"

अक्षर सरांचंच होतं. पहिल्या वर्षी त्यांनी ते आपल्याच मनाने लिहिलं, पुढे दरवर्षी मागचं बघून उतरवलं. या घराची पायरी मात्र ते आज पहिल्यांदा चढले होते.

"मला वाटलं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"मला कुणी इचारलंच न्हाई, बेटा," इसाक लेकीला म्हणाला. "मला वाटायचं, तू पळण्यात कच्ची हायस म्हणून घेत न्हाईत. तुला वाईट वाटंल म्हणून कधी इषय काढला न्हाई."

"आन मी तुमच्यावर रुसले होते, अब्बा. ईदला गळ्यात सुदीक पडले न्हाई."

इसाकची आई आमिनाबी कपाळाला हात लावून म्हणाली, "या अल्ला! पोरगी लई गुमसुम झाली म्हणून आमी हिला हकीमाकडं नेलतं की गं!"

कोणी सरांवर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सराव कवा असतो?" इसाकने विचारलं.

सरांनी सहा बोटं दाखवली.

"सकाळी?"

त्यांनी मान हलवली. अस्मा त्यांच्याकडे न बघता आत गेली.

गल्लीत आल्यावर सर थबकले. यादीत तेच कारण लिहिलेल्या आणखी चार मुली होत्या, आणि चौघीही याच गल्लीतल्या. त्यांनी शेजारच्या दाराची कडी वाजवली. आतून कोणी तरी विचारलं, "कोण हाय?" "मी त्रिंबक सर. एक विचारायचं राहिलंय," ते म्हणाले.