पाठ कोण चोळणार?

माएबूर्ग गावातल्या न्हाणीच्या सामानाच्या दुकानात जयदेवनं काचेच्या उभ्या खोक्यासारख्या शॉवरमध्ये शिरून दार मिटून दाखवलं, तेव्हा अनुसयानं सगळ्यांदेखत विचारलं, "ह्यात दोघं कशी मावनार रं?"

दुकानदार खोकला. जयदेवचे कान लाल झाले. शाळामास्तर झालेला मुलगा. नव्या सिमेंटच्या घरात सगळं मोठ्या हॉटेलसारखं हवं, आणि आईनं हे विचारावं!

"आये, शावरमधी एकटाच मानूस जातो."

"आन् दिवाळीला?"

वादळानं उडवलेल्या जुन्या घरामागं पत्र्याची न्हाणी होती. दिवाळीच्या पहाटे अनुसया नवऱ्याला तिथं पाटावर बसवून तेल-उटणं लावायची, पाठ चोळायची. बलराम म्हणजे तोंडाला कुलूप घातलेला माणूस. उसाच्या मळ्यात गेला, आला, जेवला, झोपला. पण त्या पहाटे पाठीवर हात पडला की गडी बोलायला लागायचा, थट्टा करायचा. एकदा तर चक्क गायला. वर्षातली तेवढी एक पहाट तिची होती, आणि तीच आता जाणार होती. तिचा जीव तुटत होता. पण भर दुकानात हे सांगायचं कसं?

"याहून मोठं तुमच्या न्हाणीत बसणार नाही, मादाम," दुकानदार म्हणाला.

"मग घे हेच," म्हणून तिनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात इतका वेळ मागं उभा असलेला बलराम पुढं झाला. बूट काढले, मुलाला बाहेर ओढलं आणि आत जाऊन उकिडवा बसला. गुडघे काचेला टेकले.

"ये गं. मागं हुबी ऱ्हा."

"आयो! लोकं बघत्यात!"

"बघू देत. ये."

ती गेली. दार काही मिटेना. दोघं अशी अडकली की अनुसयाला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं.

"काच नको बाबा," बलराम आतूनच म्हणाला. "पडदा दे. आमची दिवाळी ह्यात मावत नाय."

जयदेव दोन दिवस धुसफुसला आणि मग त्यानंच माशांच्या चित्रांचा निळा पडदा टांगला.

दिवाळीच्या पहाटे त्या पडद्याआड बलराम पाटावर बसला आणि लगेच बोलायला लागला. अनुसया सुखानं ऐकत होती. पण पाठ चोळून झाली तरी वाटीत निम्मं तेल उरलं होतं. दर वर्षी वाटी पुरायची नाही. पाठ केव्हा एवढी आटली, तिला कळलंच नव्हतं.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"नाय अजून," ती म्हणाली आणि उरलेलं तेल पुन्हा हातावर घेतलं. "तुमी बोला."