गाळलेला शब्द

मी एक जुना गिट्टीचा डबा आहे. यवतमाळ-दारव्ह्याच्या छोट्या लायनीवर रुळांखाली टाकायची गिट्टी वाहण्यात माझा जन्म गेला. मित्रांनो, पॅसेंजर दिसली की मुलं हात हलवायची. माझ्यासाठी कुणी मानही वर करत नसे. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

माझा सगळा रुबाब अंगावरच्या अक्षरांत होता. ती डोमाजी पेंटर काढायचा. त्याचे वडील मरेपर्यंत अंगठाच उठवत राहिले. छप्पन साली घरादारानं दीक्षा घेतली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत डोमाजीच्या हाती यार्डातला ब्रश आला. तो अक्षरं मोठी, ठसठशीत काढी. मग चार पावलं मागं सरून पाहत राही. "माह्या बापानं हे पाह्यलं पाह्यजे होतं," असं एकदा तो पुटपुटला होता.

अठ्ठावन्न साली माझा ब्रेक सैल पडला. भरलेला असलो की मी त्याला जुमानत नसे. साहेबांनी डोमाजीला चिठ्ठी दिली: "फक्त खाली असताना ढकला." आमच्याकडे रिकाम्या डब्याला खालीच म्हणतात. डोमाजीनं पांढऱ्या रंगात लिहायला घेतलं आणि फळी अपुरी पडू लागली. अक्षर लहान करणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं एक शब्द गाळला. माझ्या अंगावर उरलं: "फक्त खाली ढकला."

आठवड्याभरात मी गिट्टीनं भरून उतारावर उभा होतो. मुकादम किसनसिंगनं माझी फळी वाचली.

"खालतं ढकला म्हून लिवलं हाये. लावा रे हात!"

मजुरांनी ढकललं. मग ब्रेक दाबला, पण मी थांबलो नाही. मला थांबायचं होतं हो! खाली रुळाशी मजूर रुपीबाई गिट्टीचं टोपलं भरत होती. ती ओरडली तेव्हा तिचा उजवा पाय माझ्या चाकाखाली होता. ती जगली, पण पाय गेला.

चौकशीला नवे साहेब आले. भरलेला डबा ढकललाच कसा, म्हणून किसनसिंगची नोकरी जाणार हे ठरल्यातच जमा होतं. चिठ्ठी देणारे साहेब बदलून गेले होते. चिठ्ठी डोमाजीच्या खिशात होती. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं, आणि मला तर बोलता येत नाही.

डोमाजीनं चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, किसनसिंगनं लिवलं तेच वाचलं. एक शब्द म्याच खाल्ला."

"काहून?" किसनसिंगच मध्ये बोलला.

"मले अक्षर मोठं पाह्यजे होतं."

डोमाजीची नोकरी गेली. जाताना त्यानं शेवटचा म्हणून ब्रश मागून घेतला. "खाली" आणि "ढकला" यांच्या मधल्या फटीत, डोळे पुसत, त्यानं बारीक अक्षरात "असताना" लिहिलं. या वेळी तो मागं सरून पाहायला थांबला नाही.

आता मी बाजूच्या रुळावर गंजत उभा आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर खिळ्यानं नावं कोरायला येता ना, खुशाल कोरा. तेवढा एक शब्द मात्र राखा. आणि जवळ येऊन नीट पाहा, तो मावला आहे. जागा पहिल्यापासून होती.