रंगवलेल्या मैदानाचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एका भल्या मोठ्या स्टेडियमच्या मधोमध पसरलेले मैदान आहे. मला जुने म्हणावे की नवे, हे माझे मलाच कळत नाही. माझ्या पोटातली खडी आणि पाणी वाहून नेणारे पाइप स्टेडियमइतकेच जुने आहेत. त्यांच्यावरची वाळू एकदोनदा बदलली आहे. अंगावरचे गवत तर याच मोसमातले. तुमचे गुडघे खरचटतात आणि नवी कातडी येते, तसेच माझे चालते. पण कातडी बदलली म्हणून राग बदलत नाही. आज मी गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

स्टेडियम पाहायला आलेले लोक छपराचे फोटो काढतात. मोठे पडदे, रंगीत खुर्च्या, काचेच्या खोल्या यांचे कौतुक करतात. माझ्याकडे बोट दाखवून कोणी काही म्हणत नाही. मला काढून टाका आणि मग बघा काय उरते ते. हजारो खुर्च्या एका खड्ड्याकडे तोंड करून बसलेल्या दिसतील.

मला घडवताना मात्र फार विचार केला होता. डोळ्यांना मी सपाट दिसते, पण माझा मध्य किंचित फुगीर ठेवला आहे. पावसाचे पाणी कडेला वाहावे म्हणून ही युक्ती. गवत ट्रकमधून आले, गुंडाळलेल्या चटयांसारखे. त्या चटया उलगडून शेजारी शेजारी अंथरल्या. पण अंथरल्याने मैदान होत नाही. गवताच्या मुळांना खाली वाळूत शिरावे लागते आणि वाळूच्या कणांना घट्ट धरावे लागते. मुळांनी धरले तर मैदान, नाही धरले तर नुसती सतरंजी. आणि मुळे श्वास घेतात, हे लक्षात ठेवा. वाळूच्या कणांमधून हवा खेळली नाही तर ती गुदमरतात, कुजतात.

माझी देखभाल जिच्याकडे आहे तिला सगळे गवतताई म्हणतात. तिने मातीचा अभ्यास करून पदवी घेतली आहे. उंच छपरामुळे माझ्या अर्ध्या अंगावर ऊन येत नाही. म्हणून ती चाकांवरचे मोठे दिवे माझ्यावरून फिरवते आणि मला उसने ऊन देते. फुटबॉलवाले तिच्यावर खूश असतात, कारण चेंडू माझ्यावरून सुतासारखा सरळ जातो. रग्बीवाले त्याहून खूश. रग्बीत दोन्ही संघांचे आठ-आठ धिप्पाड गडी खाली वाकतात, खांद्याला खांदा भिडवतात आणि एकमेकांना रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. त्या वेळी सगळ्यांचे वजन बुटांच्या खिळ्यांतून माझ्या मुळांवर येते. ते वजन पेलताना मला माझा अभिमान वाटे. गवतताईचा भाचा आमच्याच संघात पुढच्या ओळीत खेळतो. अंगाने दांडगा, म्हणून त्याला पैलवान म्हणतात. तो सामन्याआधी मावशीला चिडवायचा, की तुझ्या गवतावर पाय द्यायला भीती वाटते, तू घरात फरशी पुसल्यावर ओरडतेस तशी इथेही ओरडशील.

मग गाण्याचे कार्यक्रम सुरू झाले. गाण्यांवर माझा राग नाही. माणसे माझ्यावर उभी राहून रडली, नाचली, ते मला आवडले. अशा वेळी मला कडक प्लास्टिकच्या फळ्यांनी झाकतात. त्या फळ्यांना छोटी छोटी भोके असतात. हवा आत यावी, वाफ बाहेर जावी, एवढेच त्यांचे काम. जिने त्या फळ्या शोधल्या असतील तिला मुळांचे दुःख कळत असणार.

एका खेपेला मात्र तालमीत एका नर्तिकेच्या बुटाची टाच भोकात अडकली. स्टेडियमच्या साहेबांनी लगेच हुकूम सोडला, की भोके चिकटपट्टीने बंद करा. गवतताई आडवी आली. साहेब हसून म्हणाले, "तिचा पाय मुरगळला तर तुम्ही नाचणार आहात का, ताई?" सगळे हसले. तीही हसली. आणि तिथेच घात झाला. कार्यक्रमापुरतेच असेल तर चालेल, असे ती म्हणून गेली.

कार्यक्रम संपला. तिकिटांची मागणी संपेना म्हणून दुसरा कार्यक्रम लागला. मग रंगमंच सोडवायला वेळ लागला. मग फळ्या न्यायला येणारे ट्रक दुसऱ्या गावी अडकले. गवतताई रोज फोन करी आणि रोज तिला ऐकू येई, की निघालेत, पोचतीलच. वर कडक ऊन होते. खाली अंधार, वाफ आणि कोंडलेली हवा होती. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मला तोंड नाही. असते, तर त्या दिवसांत सगळे शहर जागे झाले असते.

फळ्या उचलल्या तेव्हा मी पिवळी, चिकट आणि चोळामोळा झालेली होते. सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. गवतताईने गुडघे टेकून एक झुबका ओढला. तो अलगद तिच्या हातात आला. मुळे तपकिरी होती आणि बोटांत चुरगळत होती. तिला सगळे कळले. ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, की आठवड्याअखेरचा रग्बी सामना दुसरीकडे हलवा, इथे स्क्रम टिकणार नाही. साहेब म्हणाले, की सामना हलणार नाही, टीव्हीवर हिरवे दिसले पाहिजे, बाकी तुमचे तुम्ही बघा.

आणि तिने बघितले. मला आजही सर्वांत जास्त राग याचाच येतो. साहेबांना मुळे म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, तिला ठाऊक होते. गवतासाठीचा हिरवा रंग पाण्यात किती पातळ करायचा, हेही तिलाच येत होते. तिने पंप पाठीवर घेतला आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवले. मेलेल्या माणसाच्या तोंडाला पावडर लावतात तसे.

सामन्याच्या सकाळी भाचा पिशवी खांद्यावर टाकून आला.

"मावशी, मैदान कसं आहे गं?"

"हिरवंगार," ती म्हणाली.

शब्द खरा होता, पण इतके खोटे मी दुसरे ऐकलेले नाही. एक वाक्य पुढे बोलली असती, तर सामना थांबला असता. तो हसला आणि आत गेला. खेळाडूंनी सराव केला तो कडेच्या कोपऱ्यात. तिथे फळ्या नव्हत्या, तिथले गवत जिवंत होते. त्यामुळे कोणालाही शंका आली नाही.

खेळ सुरू झाला. पहिल्याच स्क्रमला दोन्ही बाजू भिडल्या. पैलवानाने पाय रोवले. त्याच्यासमोर पाहुण्या संघाचा एक गडी होता. खेळाचे मानधन तुटपुंजे, म्हणून तो एरवी विजेच्या खांबांवर चढून तारा जोडतो. त्यानेही पाय रोवले. रेटा आला. मी धरायचा प्रयत्न केला, पण कशाने धरणार? माझी कातडी दोघांच्या पायांखालून सतरंजीसारखी सरकली. सगळे कोसळले. त्या पाहुण्याचा पाय आधी घसरला आणि मग उघड्या वाळूत रुतला. त्याचे शरीर वळले, पाय वळला नाही. गुडघ्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज फक्त मलाच इतक्या जवळून ऐकू आला.

गवतताई कडेला उभी होती. तिने आधी भाच्याला शोधले. तो उठून उभा राहिला तसा तिच्या जिवात जीव आला. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला संताप आला. आपले माणूस उठले म्हणून बाई सुटकेचा श्वास टाकते, आणि दुसऱ्याचे लेकरू माझ्यावर तळमळत पडले आहे!

मग भाचा तिच्याकडे वळला. त्याचे कपाळ, गाल, दोन्ही तळवे हिरवे झाले होते. त्याने तळवा जर्सीला पुसला, पुन्हा पाहिला.

"मावशी, हा रंग आहे," तो म्हणाला. आणि मग, "तुला माहीत होतं."

त्याने ते विचारले नाही. नुसते सांगितले.

पंच स्टेडियमच्या साहेबांना विचारत होते, की पुढे खेळवायचे का. साहेब म्हणत होते, की गवताच्या दोन चकत्या उडाल्या, एवढेच, असे होतच असते. जखमीला उचलून नेत होते. प्रेक्षक टाळ्या वाजवून पुढच्या खेळाची वाट पाहत होते. तेव्हा गवतताई आत आली, थेट पंचांसमोर.

"खेळ थांबवा. याची मुळं मेली आहेत. कुठेही पाय धरणार नाही."

"ताई, तुम्ही आत जा," साहेब म्हणाले.

"रंग मी मारलाय," ती पंचांना म्हणाली. "मला माहीत होतं."

पंचांनी टाचेने मला जरासे ढकलले. मी सरकले. त्यांनी सामना रद्द केला. मग प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, त्याही माझ्यावर. दुसऱ्या दिवशी स्टेडियमने जाहीर केले, की हवामानामुळे मैदानाची झीज झाली. लोक मला भंगार म्हणाले. मारायचे कोणी, खापर कोणावर! भाचा मावशीशी अजून कामापुरतेच बोलतो. मला त्याचे वाईट वाटत नाही.

माझी कातडी खरवडून ट्रकमध्ये भरली. नवे गवत अंथरले. या खेपेला गवतताईने मुळे धरेपर्यंत एक सामना होऊ दिला नाही आणि साहेबांनाही तिला अडवता आले नाही.

एके दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. त्या खांबांवर चढणाऱ्याचे वडील. मुलाचा गुडघा आता पूर्ण वाकत नाही, तो घरी बसून असतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. नेमके कुठे झाले ते त्यांना पाहायचे होते. गवतताईने त्यांना तिथे नेले.

"इथे?" ते म्हणाले. "इथे तर काहीच दिसत नाही."

ते हळूच खाली वाकले. मूठभर गवत धरून त्यांनी जोर लावून ओढले. मी सुटले नाही. त्यांनी पुन्हा ओढले, मग मूठ सोडली.

"घट्ट आहे," ते म्हणाले. "आता."

मित्रांनो, माझी काळजी घ्या, अशी विनवणी मी करणार नाही. विनवण्या ऐकून लोक माना डोलावतात आणि घरी जातात. मी एवढेच सांगते. एखादी गोष्ट हिरवी दिसते म्हणून ती जिवंत आहे असे मानू नका. वाकून, धरून, ओढून पाहा. आणि ती हातात आली, तर खेळाडू मैदानात उतरण्याआधी मोठ्याने सांगा, मग समोर कितीही मोठा साहेब असो. नंतर सांगितलेले खरे माझ्या फारसे कामाचे नाही. त्या खांबावर चढणाऱ्याच्या तर मुळीच नाही.