दशमीचं प्रस्थान

माघ उतरणीला लागला होता. कृष्णेच्या काठावर उसाचे रुपेरी तुरे धुक्यातून वर डोकावत होते आणि गुऱ्हाळांचा गोड, धुरकट, तांबूस दरवळ कऱ्हाडच्या गल्लीगल्लीतून हिंडत होता. सकाळ केशरी, दुपार पिवळीधमक, संध्याकाळ जांभळी. अशा त्या वर्णवैभवाच्या दिवसांत प्रमिलाबाईंच्या घरात मात्र करडा, जड अबोला भरून राहिला होता.

कारण नीरजा निघाली होती. नीरजा, बाईंची एकुलती एक लेक. छत्तीस वर्षांची, हसरी, हट्टी, पायाला भिंगरी लागलेली. पुण्यातली एक नोकरी तिने सोडली होती, दुसरी उन्हाळा सरल्यावर सुरू व्हायची होती. मधल्या त्या मोकळ्या, ओंजळभर, केवळ स्वतःच्या महिन्यांत तिला तुर्कस्तान पाहायचे होते, जॉर्जिया पाहायचे होते, आर्मेनियाची हिमधवल शिखरे पाहायची होती. एकटीने. तो "एकटीने" शब्द तिने उच्चारला आणि आईच्या तोंडाला कुलूप लागले.

प्रमिलाबाईंनी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवले. त्या ग्रहणात जेवल्या, अमावास्येला प्रवासाला निघाल्या, आडव्या गेलेल्या मांजराला बोलावून त्यांनी दूध पाजले. शेजारच्या कुंदाकाकूंच्या पंचांगाची तर त्यांनी वर्षानुवर्षे यथेच्छ टिंगल केली. वडिलांविना वाढणाऱ्या लेकीला त्यांनी वाढवले ते याच निर्मळ, निर्भय उजेडात. आता लेक खरोखरच निर्भय झाली होती, आणि बाई गप्प होत्या.

नको म्हणाल्या असत्या, तर नीरजा भांडली असती. जा म्हणाल्या असत्या, तर घरभर नाचली असती. पण बाई काहीच म्हणेनात. पोळ्या लाटताना गप्प, कुंड्यांना पाणी घालताना गप्प, दिवेलागणीला खिडकीशी उभ्या राहून गप्प. लेकीला आईचा एक शब्द हवा होता, फक्त एक. तो मिळाला नाही तर तिकीट रद्द करायचे, असे तिने मनाशी ठरवूनही टाकले होते. आईला अशी मुकी, मिटलेली मागे ठेवून तिला जगातला कुठलाच डोंगर सुंदर दिसणार नव्हता.

सामान भरायला तिचा हातच होत नव्हता. शेवटी निघायच्या आदल्या सकाळी ती माडीवर गेली, पलंगाखाली वाकली, आणि बघते तो काय, बॅग नव्हती!

जास्वंदी लाल, नवीकोरी, पाठीवर घ्यायची ती बॅग. कपाटात नाही, माळ्यावर नाही, दाराआड नाही. ज्या आईने नीरजाला दारे उघडायला शिकवले, तिनेच आज बॅग लपवावी? राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आले. ती तशीच तडतडत जिना उतरली.

बाई अंगणात मटार सोलत बसल्या होत्या.

"आई, माझी बॅग कुठं लपवलीस? जाऊ द्यायचं नसेल तर तसं तोंडानं सांग की!"

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "लपवीन कशाला? कुंदाकडं आहे."

"काकूंकडं? ती कशाला?"

बाईंच्या त्या करारी, शिस्तशीर चेहऱ्यावर हळूहळू लाली चढत गेली. आयुष्यभर ज्यांनी कॉपी करणाऱ्या मुली पकडल्या, त्या आज स्वतः पकडल्या गेल्यासारख्या दिसत होत्या.

तेवढ्यात कोरांटीच्या कुंपणावरून कुंदाकाकूंनी डोके वर काढले.

"अगं, प्रस्थान ठेवलंय तुझं! उद्या अवस. अवसेला लांबच्या वाटेला कोण निघतं? म्हणून चांगल्या दिवशी सामान शेजारी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस त्याच दिवशी निघालं असं धरतात. दशमीच्या भल्या पहाटे बाई बॅग घेऊन माझ्या दारात! मला म्हणतात कशा, कुंदा, पंचांग बघून दिवस तूच सांगितलास, आता हसायचं नाही."

"आणि तू हसलीस," बाई पुटपुटल्या.

"तुमच्यासमोर कुठं हसले? आत जाऊन हसले. मग थोडी रडले पण."

नीरजाच्या डोळ्यांसमोर ती पहाट उभी राहिली. दुधाळ धुके, दवाने भिजलेली कोरांटी, आणि ग्रहणात बिनदिक्कत जेवणारी तिची आई ती लाल बॅग तापलेल्या लेकरासारखी छातीशी धरून, इकडेतिकडे बघत, चोरपावलांनी शेजारी निघालेली. आईच्या गप्प बसण्याला ती इतके दिवस राग समजत होती. ती भीती होती. निखळ, आंधळी, वेडी माया होती.

"वाचून काढलं गं सगळं," बाई मटारांकडे बघत म्हणाल्या. "तिथली हवा, तिथले रस्ते, तिथली इस्पितळं. तरी झोप येईना. म्हटलं, या कुंदाचं तरी ऐकून बघावं."

"म्हणजे मी जाऊ?"

"तू दशमीलाच गेलीस. आता मला काय विचारतेस?"

नीरजा हसली, रडली, आणि मटारांच्या ताटासकट तिने आईला मिठी मारली. हिरवे दाणे अंगणभर उधळले, आणि बाई कितीतरी दिवसांनी ओरडल्या. ते ओरडणे ऐकून लेकीचा जीव भांड्यात पडला.

प्रस्थान परत घरात आणायचे नसते, असे कुंदाकाकूंनी बजावले. मग बॅग भरली गेली काकूंच्याच ओसरीवर. मऊ लोकरीचे मोजे, मेतकूट, लसणाची चटणी, तापाच्या गोळ्या, पुन्हा मोजे. एकेक वस्तू घेऊन बाई दिवसभर कुंपणाला वळसा घालत राहिल्या. दर खेपेला त्यांना काहीतरी नवे आठवत होते.

अमावास्येची पहाट राखाडी, गुलाबी, गारेगार उजाडली. गाडी आली. ड्रायव्हरने काकूंच्या ओसरीवरून बॅग उचलली. नीरजा आपल्या दारातून निघाली, दवाने ओल्या झालेल्या अंगणातून चालत फाटकाशी आली आणि आईच्या पायांशी वाकली.

"येते, आई."

"ये," बाई म्हणाल्या.

गाडी हलली. नीरजाने मागच्या काचेतून पाहिले. बाईंनी नेहमीच्या सवयीने खराटा उचलला होता. ऊन पडायच्या आत अंगण लख्ख करायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. पण खराटा मातीला टेकला नाही. माणूस लांबच्या वाटेला लागले की त्याच्यामागे लगेच केर काढू नये, म्हणतात. बाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी खराटा अलगद भिंतीशी ठेवून दिला, आणि या वेळी कुंपणापलीकडे कोणी बघते आहे की नाही, हे वळूनही पाहिले नाही.

वर बदामाची पाने गळत होती. लाल, शेंदरी, तांबूस, एकामागून एक. आणि खाली ओल्या मातीत, दारापासून फाटकापर्यंत, लेकीची पावले तशीच होती. दिवसभर तशीच होती.