मुंग्या जातात कुठं?

जरा डोळे मिटा बरं. बोटांच्या फटीतून बघायचं नाही. आता असं समजा, की तुम्ही एक छोटीशी तांबडी मुंगी आहात. भाद्रपद महिना आहे, बाहेरची माती भिजून गारठली आहे आणि भिंतीच्या चिरेतून गुळाचा वास येतो आहे. तुम्ही आत शिरता, ओट्यावर चढता, डब्याच्या झाकणाखालून आत जाता. पोटभर खाता, घरच्यांसाठी एक कण तोंडात धरता आणि आल्या वाटेनं परत निघता. वाटेत भेटेल तिला सांगता, गूळ सापडलाय! सांगा पाहू, असलं गोड घर तुम्ही आपण होऊन सोडाल का?

उघडा डोळे. हाच प्रश्न कुंडल गावच्या श्रद्धाला पडला होता.

श्रद्धा सहावीत शिकत होती. त्या दिवसांत तिच्या घरी चंदनआत्या आली होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, सांगलीत दिलेली. दशलक्षण पर्वाचे दहा उपवास या वर्षी माहेरी करायचे, असं तिनं ठरवलं होतं. तेही नुसत्या पाण्यावर. उपवास आता संपत आले होते आणि उद्या सकाळी पारणं होतं. मुगाचं कढण आणि थोडी गुळाची खीर. श्रद्धाचं घर जैन. मुंगीसुद्धा मारायची नाही, हा घरचा नियम. आत्याचा तर त्याहून कडक. ज्या स्वयंपाकघरात जीव मारला गेला, तिथलं अन्न ती तोंडात घालत नसे.

आणि नेमक्या गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. श्रद्धाची आई मऊ कुंचल्यानं त्यांना कागदावर घ्यायची, परसात नेऊन सोडायची. हात धुऊन वळते तो ओट्यावर दुसरी रांग हजर!

"आक्कांच्या खिरीत एक जरी मुंगी निघाली, तर माझं नाक कापलं जाईल," आई म्हणाली. नणंदेला ती आक्का म्हणायची.

दुपारी आत्या बस्तीत गेली. तिकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. आई जेवण आवरून टीव्हीसमोर बसली. एक वाजता 'चुटकीसरशी घर' लागायचं. त्यात केशरी साडीतली एक बाई रोज घरकामाच्या युक्त्या सांगायची. आईचा तिच्यावर फार विश्वास. उगाच नव्हे. घट्ट बसलेल्या बरणीच्या झाकणाला रबर गुंडाळून फिरवायची युक्ती त्या बाईचीच, आणि ती चांगली चालली होती. केळ्याच्या सालीनं बूट चमकवायची युक्ती मात्र श्रद्धा विसरली नव्हती. तिच्या थोरल्या भावाचे, भरतेशदादाचे, शाळेचे बूट चमकले होते खरे, पण दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेला उभा राहिला आणि एका पायावर नाचायलाच लागला. बुटात मुंग्या भरल्या होत्या.

"मैत्रिणींनो, मुंग्यांनी हैराण झालात?" टीव्हीतली बाई म्हणाली. आई ताठ बसली.

बाईनं वाटीत साखर घेतली, चमचाभर बोरिक पावडर घातली, पाण्यात कालवून एका झाकणात ओतली आणि झाकण ओट्यावर ठेवलं. "रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत सगळ्या मुंग्या घर सोडून जातील!" लगेच दुसरं चित्र आलं. ओटा लख्ख. मुंगी औषधाला नाही.

"बघ गं," आई म्हणाली, "सोडून जात्यात. मारायचं काम न्हाई, काय न्हाई."

श्रद्धा पडद्याकडे बारीक डोळे करून बघत होती. "आई, त्या बाईच्या मागं भिंतीवर घड्याळ हाय. मुंग्या होत्या तवा चार वाजून दहा मिनिटं. रात्र सरली, सकाळ झाली, तरी चार वाजून बाराच मिनिटं?"

"बंद असंल."

"बंद घड्याळ दोन मिनिटं पुढं जातंय व्हय?"

"तू गप बस. कुठनं काढतीस असलं!"

"आणि मुंग्या साखरंसाठीच येत्यात ना? मग साखर ठेवल्यावर जातील कशाला?"

"जात्यात म्हंजे जात्यात. आपल्या घरी."

"आणि पुन्हा येत न्हाईत? का?"

आई उठलीच. बोरिक पावडर आणायला दुकानात जायची गरज नव्हती. भरतेशच्या कॅरमच्या पावडरीच्या डब्यावर तेच नाव होतं. तिनं डबा काढला, साखरेचं पाणी कालवलं आणि झाकण गुळाच्या डब्यामागं सरकवलं. पाच-सहा मुंग्या लगेच वळल्यासुद्धा.

श्रद्धाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. कॅरम खेळून झालं की बाबा रोज ओरडायचे, 'हात धुतल्याबिगर काय खाऊ नका, पावडर पोटात जाईल!' माणसानं पोटात घालू नये, ते मुंगीनं खाल्लं तर?

आता बघा, शंका सगळ्यांनाच येते. येते आणि जाते. श्रद्धानं तिला जाऊ दिलं नाही. तिला आठवलं, पलीकडच्या घरातल्या क्रांतीकाकूंनी हाच कार्यक्रम मागच्या आठवड्यात बघून हीच युक्ती केली होती. ती चपला अडकवून तिकडं पळाली.

"काकू, तुमच्या मुंग्या गेल्या?"

"लय भारी काम झालं गं!" क्रांतीकाकू शेंगा फोडत बसल्या होत्या. "बघ की जाऊन. साखरंचा डबा उघडा टाकलाय, पर एक मुंगी फिरकंना."

श्रद्धानं बघितलं. ओटा स्वच्छ, कोपरे स्वच्छ. म्हणजे युक्ती खरी होती! ती क्षणभर गोंधळली. मग तिनं विचारलं, "पण गेल्या कुठं?"

"गेल्या आसतील साखर कारखान्याला! मला काय पत्ता ठेवून गेल्या व्हय?" काकू खो-खो हसल्या.

"त्या कुठनं येत होत्या, ते सांगा की."

"धुण्याच्या दगडाकडनं. का गं?"

श्रद्धा परसात गेली. धुण्याच्या दगडाशी भिंतीत एक चीर होती. तिच्यासमोर मातीवर मोहरीसारखं काहीतरी सांडलं होतं. ती उकिडवी बसली. मोहरी नव्हती ती. मुंग्या होत्या, पाय आखडून पडलेल्या, एकावर एक. तिनं काडीनं हलवून बघितलं. एकही चालली नाही. चिरेतून एक मुंगी बाहेर आली, तोंडात दुसरीला धरून. तिला त्या ढिगावर ठेवलं आणि स्वतःही दोन पावलं जाऊन तिथंच थांबली.

काकू मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मेल्या व्हय गं? बरं झालं की मग!" मग श्रद्धाचा चेहरा बघून त्यांनी जीभ चावली. "आगं बया! तुमच्यात चालत न्हाई, न्हवं का? पर त्या बाईनं मेल्या असं न्हाई सांगितलं बघ. गेल्या म्हणाली."

श्रद्धा घरी पळाली. झाकणाभोवती आता मुंग्यांचं कडं झालं होतं आणि एक रांग भरल्या पोटानं भिंतीकडं परत निघाली होती.

"आई, उचल ते! मरत्यात त्या. घरी जाऊन मरत्यात, म्हणून आपल्याला दिसत न्हाई!" आणि तिनं धापा टाकत सगळं सांगितलं.

आईनं आधी 'न्हाई, न्हाई' अशी मान हलवली, मग हलवायची थांबवली. कुंचला घेऊन तिनं झाकणावरच्या मुंग्या एकेक करून कागदावर उतरवल्या. "भिंतीत किती गेल्या आसतील गं?"

श्रद्धाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

एवढ्यात दार वाजलं. चंदनआत्या बस्तीतून परतली होती. दहा दिवसांत ती वाळली होती, पण चेहऱ्यावर उजेड होता. भिंतीला टेकून बसत ती म्हणाली, "वहिनी, सकाळी पारणं झालं, की मी दुपारच्या गाडीनं निघते. तुमच्या हातची खीर खायला जीव आसुसलाय बघा."

आईनं श्रद्धाकडं बघितलं आणि डोळ्यांनीच म्हणाली, बोलू नको. आईचंही चुकत नव्हतं. आत्याला कळलं, तर ती इथं घास घेणार नाही. दहा दिवसांची उपाशी बाई तशीच सांगलीला जाईल. आणि कळलं नाही, तर जे तिनं जन्मात खाल्लं नाही ते ती विश्वासानं खाईल.

श्रद्धा दोघींच्या मध्ये उभी होती.

"आत्या," ती म्हणाली, "टीव्हीतली बाई म्हणाली मुंग्या जात्यात. आईला खरंच वाटलं. पण त्या जात न्हाईत. काही मेल्या आसतील. किती, ते म्हाईत न्हाई."

आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आक्का, तुमच्यासाठीच केलं हो मी!"

"म्हाईत हाय मला." आत्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "टीव्हीतल्या बाईला काय, तिला ओटा पुसून दाखवायचा होता. भिंतीपलीकडं तिला कशाला बघायचंय? ते आपण बघायचं." तिनं श्रद्धाला जवळ ओढलं. "तुझ्या आईच्या हातचंच खाईन मी. पण या ओट्यावरचं न्हाई. वहिनी, सकाळी अंगणात तीन विटांची चूल मांडा. भांडी नव्यानं घासा. गूळ बस्तीतनं मागून आणू."

आई रडता रडता हसली.

श्रद्धा लगेच विटा आणायला परसात गेली. भिंतीशी जुन्या विटांचा ढीग होता. पहिली वीट तिनं उचलली, फिरवून खालून बघितली, फुंकर मारली आणि बाजूला ठेवली. दुसरीही तशीच. तिसरी थोडी उचलते, तो खाली पांढरी बारीक अंडी आणि त्यांना घेऊन सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या.

श्रद्धानं ती वीट होती तशी, अगदी हळू, परत जागेवर टेकवली आणि दुसरी शोधायला ढिगाच्या पलीकडं गेली.