आवरायच्या आधीचा फोटो

सिंकमधल्या भांड्यांच्या ढिगातून एक चमचा आपला आपण घसरला आणि टण्णकन वाजला. मी माउसवरचा हात तसाच ठेवून श्वास रोखला. आतल्या खोलीत साळुंकीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. वाचले. दुपारी दीड ते तीन एवढीच माझी हक्काची वेळ. एकदा लेक उठली की तिच्या तोंडाची टकळी रात्रीपर्यंत थांबत नाही. साळुंकी हे नाव त्यामुळेच पडलं. वय साडेचार.

मी फोटो काढते. कुणाच्या नोकरीत नाही, जो बोलावेल त्याच्याकडे. चष्म्याच्या दुकानासाठी तीनशे फ्रेमा काढल्या आहेत, शाळेच्या ओळखपत्रांसाठी चारशे चेहरे काढले आहेत, त्यातले निम्मे डोळे मिटलेले. पण सगळ्यात जास्त काम विकायच्या घरांचं. एजंट पत्ता पाठवतो, मी ट्रायपॉड आणि साळुंकी घेऊन जाते. तिला ठेवायला कुणी नाही. ती एका खुर्चीवर बसते आणि कशालाही हात लावत नाही, म्हणजे निदान पहिली दहा मिनिटं.

घरांच्या फोटोत खरं काम कॅमेऱ्याचं नसतं, आवरण्याचं असतं. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढायच्या, दात घासायचे ब्रश लपवायचे, दारामागचे गाऊन, औषधांच्या पट्ट्या, देवाघरी गेलेल्यांचे फोटो, सगळं कपाटात. एजंटचं एक वाक्य ठरलेलं आहे. "मॅडम, घर असं दिसलं पाहिजे की इथे कुणी राहतच नाही, आणि राहायला मात्र प्रत्येकाला यावंसं वाटलं पाहिजे." पंधरा मिनिटांत मी चाळीस वर्षांचा संसार फ्रेमबाहेर काढू शकते. माझं स्वतःचं घर बघाल तर विश्वास बसणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक सवय लावून घेतली. आवरायला हात घालण्याआधी प्रत्येक घरात एक फोटो काढायचा, आहे तसा. तो एजंटला पाठवायचा नाही. उंबऱ्यापाशी उपड्या पडलेल्या चपला, ताटलीत अर्धं सफरचंद, एकाच उशीवर दोन माणसांचे खळगे. माझी मोठी बहीण फोनवर म्हणाली होती की लोक आवरून फोटो काढतात, तू न आवरता काढतेस, हे तर आळशीपणाचं प्रदर्शन झालं. मी हसले होते. पण प्रदर्शनाचं तिने उगाच तोंडातून काढलं आणि ते खरंच ठरलं.

एका लहानशा कलादालनाच्या बाईंना ते फोटो आवडले. बाराच लावू म्हणाल्या. एकच अट, प्रत्येक घरमालकाची लेखी परवानगी हवी, गुरुवारपर्यंत. मी मालकांना न सांगताच ते फोटो काढले होते, त्यामुळे प्रत्येक फोनची सुरुवात माफीने केली. पण अकराजणांनी सह्या पाठवल्या. एकीने तर विचारलं, माझा पसारा खरंच इतका बघण्यासारखा आहे का. राहिला बारावा. तो मधोमध लागणार होता. बाई स्वच्छ म्हणाल्या होत्या, "तो नसेल तर बाकीचे अकरा नुसते पसारे आहेत. मग पुन्हा विचार करावा लागेल."

बारावा फोटो एका घड्याळजींच्या झोपायच्या खोलीचा. दुकान बंद करून त्यांना काही वर्षं झालेली, बायको गेल्या वर्षी गेलेली. घर विकून ते पुतण्याकडे राहायला जाणार होते. फोटोत दोघांचा पलंग आहे. भिंतीकडची बाजू चुरगळलेली, तिथे एक माणूस झोपून उठला आहे. खिडकीकडच्या बाजूला पांढरा टॉवेल अंथरलेला आणि त्यावर एका उघडलेल्या घड्याळाचे सगळे भाग ओळीने मांडलेले, चक्रं, स्प्रिंगा, स्क्रू, काटे, तबकडी. सकाळचं ऊन तिरपं आलं होतं आणि प्रत्येक चक्राला त्याची त्याची सावली होती. असा फोटो आपल्या हातून पुन्हा निघेल का, या भीतीने मी तो दिवसातून दोनदा उघडून बघायचे.

पाच वर्षांत भिंतीवर माझं नाव लागलं नव्हतं. साळुंकी पोटात होती तेव्हा लागलं होतं ते शेवटचं. तिच्या बाबांना मी हे फोनवर सांगितलं, तर तो छान म्हणाला आणि मग लाइन नीट येत नाही म्हणाला. आठ महिन्यांपूर्वी तो दुसऱ्या गावी नोकरीला गेला. आधी दर शनिवारी यायचा, मग महिन्याने, आता फोन येतो. जाताना आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर निदान मिटवता आलं असतं.

बुधवारी सकाळी मी त्या फोटोची मोठी प्रिंट काढली, परवानगीचा कागद बॅगेत टाकला, लॅपटॉप घेतला आणि साळुंकीला घेऊन घड्याळजींकडे गेले.

घर अर्धं खोक्यांत गेलं होतं. त्यांनी ओळखलं, "या फोटोवाल्या ताई" म्हणाले, साळुंकीला बिस्किट दिलं. ती लगेच विचारत सुटली की एवढी खोकी कशाला, खोक्यांत कोण झोपणार, तुमच्या कानात केस का आहेत. ते सगळ्याला क्रमाने उत्तरं देत होते. मी मधेच प्रिंट काढून त्यांच्यासमोर धरली. मनात वाक्यं तयार होती. एकही बोलता आलं नाही, कारण त्यांनी प्रिंट दोन्ही हातांनी ओढूनच घेतली, खिडकीपाशी नेली आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"हा कधी काढलात?"

मी म्हटलं, त्याच दिवशी, आवरायच्या आधी.

ते खुर्चीवर बसले. मग पलंगाखालून एक पत्र्याचा डबा काढून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला. आत तोच टॉवेल होता, गाठोडं बांधलेला. गाठ पाहिली आणि माझे कान तापले. ती मीच मारली होती. त्या दिवशी ते साळुंकीसाठी दूध गरम करायला स्वयंपाकघरात गेले होते, मला ऊन जायच्या आत पलंग मोकळा हवा होता, आणि मी टॉवेलची चार टोकं धरून सगळं एका झटक्यात उचललं होतं. कामाचा झपाटा म्हणून मला त्याचं कौतुकही वाटलं असेल. परत आल्यावर ते एवढंच म्हणाले होते की असू दे.

घड्याळ उघडताना भाग ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने मांडायचे, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. शेवटी निघालेला आधी बसवायचा. क्रम गेला की घड्याळ गेलं. दुकानात रोज पाहिलेली घड्याळं ते डोळे मिटून जोडू शकत होते, पण हे त्यांनी जन्मात कधी उघडलं नव्हतं. ते बायकोचं गजराचं घड्याळ होतं. ती म्हणायची, जगाची घड्याळं खुशाल उघडा, माझ्या घड्याळाला हात लावायचा नाही. नवऱ्याने दुकान वेळेवर उघडावं म्हणून ती ते दहा मिनिटं पुढे ठेवायची, आणि ते दहा मिनिटं पुढे आहे हे माहीत असल्यामुळे तो दहा मिनिटं उशिराच उठायचा. "चाळीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो," ते म्हणाले आणि हसले. ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात घड्याळ बंद पडलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाठीमागचे स्क्रू काढले.

मला माफी मागायची होती. त्यांनी मागू दिली नाही, त्यांना घाई झाली होती. प्रिंटवर बारीक स्क्रू दिसेनात म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि फोटो मोठा करत गेले. ट्रायपॉडवर काढलेला, त्यामुळे कणन् कण स्वच्छ होता. त्यांनी टॉवेल पलंगावर त्याच जागी अंथरला आणि आम्ही कामाला लागलो. मी पडद्यावर बोट ठेवायचे, "दुसरी ओळ, डावीकडून चौथा, डोकं चपटं." ते डब्यातून शोधून ठेवायचे. साळुंकीला त्यांनी काट्यांची राखण दिली. ती दोन्ही हातांच्या ओंजळीत दोन काटे धरून चक्क गप्प बसली होती, असा दिवस मी आजवर पाहिला नव्हता.

दीड तास गेला. सगळे भाग ओळीत लागले, गजराचा एक स्क्रू सोडून. तो सापडलाच नाही. मग त्यांनी उलट्या क्रमाने जोडायला घेतलं. एकेक भाग चिमट्याने उचलून ते जागेवर बसवत गेले. शेवटी त्यांनी किल्ली दिली आणि घड्याळ चालू झालं. गजर वाजणार नव्हता. ते म्हणाले, नाहीतरी आता उठून जायचं कुठे.

ह्याच वेळी मी कागद काढला. दुसरी वेळच नव्हती, उद्या गुरुवार होता. प्रदर्शनाचं सांगितलं, फोटो मधोमध लागणार हे सांगितलं, तुमचं नाव कुठेही येणार नाही हे दोनदा सांगितलं. त्यांनी कागद पूर्ण वाचला. चष्मा काढला.

"फोटो सुंदर आहे हो, ताई. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही." मग त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. साळुंकी त्यांच्या गुडघ्याला टेकून घड्याळ ऐकत होती. "ती गेल्यावर तिची बाजू मी तशीच ठेवली होती. चादर ओढलेली, उशी नीट. आणि रोज रात्री मला वाटायचं की ती स्वयंपाकघरातलं आवरून येतेय. जागा रिकामी ठेवली की माणूस वाट बघतो. म्हणून तिथे घड्याळ मांडलं. ती यायची नाही, हे माझं मला कळावं म्हणून. ते भिंतीवर नका लावू."

कागद त्यांनी घडी घालून माझ्या हातात दिला. मला बोलता आलं असतं. लोकांना समजवायची मला सवय आहे. शंभर घरांतून मी लोकांच्या आयांचे फोटो भिंतीवरून उतरवून घेतले आहेत, तेही गोड बोलून. या वेळी नाही बोलले. प्रिंट त्यांच्याकडे ठेवली. निघताना ते म्हणाले, पुतण्याकडे एकाच माणसाची खाट आहे, बरं झालं. दारात त्यांनी साळुंकीच्या हातात तिच्या आवडीचं आणखी एक बिस्किट ठेवलं.

घरी येऊन मी कलादालनाच्या बाईंना लिहिलं की बारावा फोटो मिळणार नाही, अकराच आहेत. का, ते लिहिलं नाही. तासाभराने उत्तर आलं, "अरेरे. मग यंदा राहू द्या. पुढे बघू." मी ते दोनदा वाचलं, लॅपटॉप मिटला आणि कुणाला तरी फोन करावा म्हणून हातात घेतला. बहीण कामावर असणार. नंबर चाळत खालपर्यंत गेले आणि फोन ठेवून दिला.

मग उगाच चादरी बदलायला काढल्या. हाताला काम असलं की बरं असतं. साळुंकी मदतीला आली, म्हणजे धुतलेल्या चादरीवर जाऊन आडवी झाली. तिला एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकत मी चादर खोचली. माझ्या उशीचा अभ्रा बदलला. दुसऱ्या उशीचाही बदलला, ती कुणी डोक्याखाली घेत नाही, तरी दर आठवड्याला बदलते. उशी थोपटून नीट जागेवर ठेवली.

साळुंकी उठून बसली होती. पलंगाच्या त्या बाजूवरून ती तळहात फिरवत होती, काही सांडलंय का बघावं तसा.

"आई, आजोबांनी तिथे घड्याळ ठेवलं, कारण आजी येणार नाही."

"हं."

"इथे आपण काहीच नाही ठेवलं," ती म्हणाली. "मग बाबा येणार आहेत ना?"